बीम सुरक्षित आहे

उजव्या खांद्याने कायमचा असहकार पुकारल्यामुळे मला शिडीवरून खुर्चीवर बढती मिळाली. तोवरचे माझे आयुष्य छताला आग विझवण्याचे स्प्रिंकलर बसवण्यात गेले होते. मान वर, हात वर, आणि तोंडात सिमेंटच्या भुकटीबरोबर डिझाइन ऑफिसच्या नावाने शिव्या. शिव्यांना सबळ कारण असे. ऑफिसने काढलेला पाइप हमखास एखाद्या बीमच्या पोटातून जाई. मग आम्ही कोणाला न सांगता दोन बेंड जास्तीचे लावून तो बीमखालून नेत असू, आणि आपले डिझाइन जसेच्या तसे साकारले या आनंदात ऑफिस पुढच्या इमारतीचे वाटोळे करायला मोकळे होई.

खुर्चीत बसल्यावर माझी दृष्टी बदलली. ऑफिसातून इमारत वरून दिसते आणि चपटी दिसते. तिच्यात घाम नसतो, धूळ नसते, आणि बीम दुसऱ्याच खात्याच्या ड्रॉइंगवर असतात. पडद्यावर माझा पहिला पाइप असा काही सरळ गेला की मला भरून आले. इतकी सरळ गोष्ट माझ्या हातून जन्मात घडली नव्हती.

“साइटवाले आपल्या डिझाइनची कशी वाट लावतात, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?” साहेब म्हणाले.

ठाऊक तर होतेच. मी आमच्या एकूण एक युक्त्या सांगून टाकल्या आणि त्यांचा बंदोबस्तही सुचवला. ऑफिसच्या मंजुरीविना साइटवर एक बेंडही वाढवायचा नाही. मंजुरी हवी असल्यास कारण कळवायचे. ग्राह्य कारणे दोनच: ‘साइटची चूक’ आणि ‘मालकाची लहर’.

“आणि डिझाइनची चूक?” मी विचारले.

“तशी काही गोष्ट नसते. असती तर आपण ती ड्रॉइंगमध्ये दाखवली नसती का?”

हे मला तत्काळ पटले. नियम लागू झाला आणि माझी खुर्ची खिडकीजवळ हलली.

माझ्या जागी आता माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, शिडीवर चढला होता. पाइपाला आटे पाडायला त्याला मीच शिकवले होते. तो एका नव्या पाळणाघराचे काम करत होता, आणि डिझाइन माझे होते. एका दुपारी त्याचा फोन आला.

“दाजी, पोरं झोपायच्या खोलीत मधोमध बीम आहे. तुमचा पाइप त्याच्या पोटातून चाललाय.”

“माझ्या ड्रॉइंगवर बीम नाही.”

“माझ्या डोक्यावर आहे ना! दोन बेंड लावून खालून काढतो. नेहमीसारखं.”

ते ‘नेहमीसारखं’ मला झोंबले. “मंजुरी माग रीतसर. साइटची चूक म्हण, लगेच सही करतो.”

“बीम काय मी घातला का?”

तो हट्टाला पेटला, मी नियमाला. शेवटी पाइप बीमपाशी संपला आणि खोलीतले दोन्ही स्प्रिंकलर अलीकडच्याच बाजूला आले, त्यातला एक बीमला अगदी खेटून. उद्या आग लागली तर त्याचे पाणी थेट बीमवर आपटणार होते. पलीकडच्या अर्ध्या खोलीत थेंबही पोचणार नव्हता.

“दाजी,” मेहुण्याचा आवाज खाली आला, “पुढच्या महिन्यापासून माझी पोरगी झोपणार आहे हो त्या खोलीत.”

ती पोर मला घोडा करून घरभर हिंडते. मी उठलो आणि तडक साहेबांकडे गेलो.

“बदला की,” साहेब शांतपणे म्हणाले. “मात्र कारणात तिसरा प्रकार घालावा लागेल. आणि त्या प्रकारातला पहिला माणूस तुम्ही. अशा माणसाला मी डिझाइनला कसा ठेवू? साइटवर जागा आहे.”

मी खांदा चोळत जागेवर येऊन बसलो.

अग्निशमन दलाचे तपासनीस आले. त्यांनी ड्रॉइंगवरचे स्प्रिंकलर मोजले, छतावरचे मोजले. आकडा जुळला.

“पण साहेब, पाणी बीमवर पडेल,” मेहुणा म्हणाला.

“म्हणजे बीम सुरक्षित आहे,” तपासनीस म्हणाले आणि त्यांनी सही केली.

घरी बायको वाट पाहत होती. “भाऊ म्हणतो ते खरं आहे?”

“काळजी करू नकोस. पाळणाघराच्या ताईंशी बोललोय मी. आपल्या भाचीची गादी अलीकडे, बरोबर स्प्रिंकलरखाली.”

“आणि पलीकडची पोरं?”

“त्यांचेही कोणी काका-मामा असतीलच की डिझाइनला.”

तिने ताट वाढले, पण समोर बसली नाही. मला माझी लाज वाटत होती आणि भूकही लागली होती.

पाळणाघर उघडले त्या दिवशी मी ऑफिसतर्फे तिथे होतो. आईबापांनी भिंतीवरचे ससे पाहिले, गाद्या दाबून पाहिल्या, कॅमेरे किती आहेत ते विचारले. मान वर कोणीच केली नाही. एका आईने मला गाठले.

“सगळं सेफ आहे ना हो इथं?”

“अगदी ड्रॉइंगप्रमाणे आहे,” मी म्हणालो.

तिला हायसे वाटले. तिने माझे आभार मानले आणि बाळाला पलीकडे, खिडकीपाशी निजवले. तिथे वारा चांगला येतो.

एव्हाना तुम्ही माझ्यावर दातओठ खात असाल. खुशाल खा. पण जिथे बसून हे वाचताय, तिथल्या छताकडे तुम्ही तरी कधी मान वर करून पाहिले आहे का? आता पाहाल. आणि वर काही गडबड दिसलीच, तर पहिली गोष्ट काय कराल तेही मला ठाऊक आहे. आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवाल.