पियूच्या चौकोनात

“लेकराच्या अंगात आपण शिरू नये, मोनाली. शिरायला सोपं असतंय, भाईर यायची वाट घावत न्हाय.”

सासूबाईंनी, म्हणजे प्रेमलाबाईंनी, हा इशारा दिला तेव्हा त्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये पेपर पसरून शेंगा फोडत होत्या आणि मोनाली पिवळ्या टी-शर्टला इस्त्री करत होती. टी-शर्ट तिच्या लेकीचा, पियूचा नव्हे. तिचा स्वतःचा. पियूच्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ अंतिम सामन्यात पोचला होता, म्हणून मोनालीने संघासारखाच एक आपल्यासाठी करून घेतला होता. पाठीवर पियूचाच सहा नंबर, छातीवर ‘पियूची आई’. मागून येणाऱ्याला छाती दिसत नाही, एवढी साधी गोष्ट पदवीधर बाईच्या लक्षात आली नाही आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

इशारा तिने इस्त्रीच्या वाफेबरोबर उडवून लावला. सांगत कोण होतं? लहानपणी आपल्याला सायकल चालवू दिली नाही म्हणून जिने पोटच्या पोराला पाचव्या वर्षी मोठ्यांच्या सायकलवर चढवून साताऱ्याच्या उतारावर सोडून दिलं, ती बाई! त्या पोराच्या, म्हणजे मोनालीच्या नवऱ्याच्या, कुलदीपच्या हनुवटीवर त्या मातृप्रेमाचे तीन टाके आजही दिसतात.

“मी तसली नाही, आत्या,” मोनाली म्हणाली. “मी फक्त सपोर्ट करते.”

हा सपोर्ट काय प्रकारचा होता, ते सेक्टरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सरावाच्या वेळी मैदानाकडेला उभी राहून ती “झुक, पियू, झुक” असं ओरडली की शेजारच्या बागेत फेऱ्या मारणारे दोन-तीन आजोबा नकळत वाकायचे.

तिचंही अगदी चूक होतं असं नाही. माहेरी ती जिल्ह्याच्या संघात होती. खांबावर झेप घ्यावी तर मोनालीनेच, असं लोक म्हणायचे. बारावीला राज्याच्या शिबिराचं पत्र आलं. वडील म्हणाले, आधी परीक्षा. परीक्षा झाल्यावर म्हणाले, आधी डिग्री. डिग्रीनंतर स्थळ आलं, स्थळानंतर पियू आली. पत्र अजून रेशनकार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं होतं. पियू चालायला लागली त्या दिवशी मोनालीने ते काढून वाचलं होतं.

सामन्याच्या दिवशी संघाच्या प्रशिक्षक जयमाला मॅडमनी सगळ्या पालकांना दोरीपलीकडे उभं केलं.

“दोरीच्या आत कोणी यायचं नाही,” असं म्हणताना त्या फक्त मोनालीकडे बघत होत्या. मोनालीला हा अपमान वाटला. पालक चाळीस, आणि सूचना एकटीला?

पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात पियूच्या संघाने पाठलाग करायचा होता. मधल्या पट्टीवर आठ जणी आपापल्या चौकोनात उलटसुलट तोंडं करून बसल्या, नववी गीतांजली धावण्यासाठी खांबाशी उभी राहिली. शिट्टी वाजणार, इतक्यात गेटमधून प्रमुख पाहुणे आले. झालं! पंच, आयोजक, माईकवाला, सगळे शाल आणि नारळ शोधायला पळाले. पोरी उन्हात बसून राहिल्या.

आणि पियू कशी बसली होती? टाचा टेकवून, गालाला हात लावून, एसटीची वाट बघणाऱ्या बाईसारखी!

“अशी बसली तर उठणार कधी ही?” मोनालीने कुलदीपला विचारलं.

“टेन्शन नको घेऊस ना यार. मॅडम सांगतील.”

“मॅडम नारळ शोधतायत.”

तो पुढे काही बोलेपर्यंत मोनाली दोरीखालून आत गेली होती.

“ऊठ. मी दाखवते. एक मिनिट.”

“आई, नको ना.”

“टाच वर. वजन पंजावर. हे बघ.”

मोनाली सहाव्या चौकोनात बसली. पियूने आईकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि ती सरळ पाणी प्यायला निघून गेली.

आता दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे मोनालीची उंची चार फूट दहा इंच. सहावीतली पियू तिच्या कानाला लागते. आणि दुसरी म्हणजे, शाल अंगावर पडल्यावर पाहुण्यांना उत्साह आला आणि शिट्टी त्यांनी स्वतःच वाजवली.

गीतांजली सुटली. समोरच्या संघाची काटक पोरगी नागमोडी पळत होती. गीतांजलीने सहा नंबरची पिवळी पाठ बघितली, तिच्यावर सणसणीत थाप मारली आणि ओरडली, “खो!”

मोनालीचं पुढे म्हणणं असं, की तिने काहीही केलं नाही. जे केलं ते पायांनी केलं.

सोळा वर्षं भाजीच्या पिशव्या उचलून जिने चढणारे ते पाय चौकोनातून असे सुटले, की उन्हासाठी डोक्यावर घेतलेली ओढणी आठव्या चौकोनातल्या मुलीच्या डोक्यावर राहिली. पहिली पोरगी वळणावर बाद. दुसरी मागे बघता बघता बाद. तिसरी, सगळ्यात तरबेज, खांबाआड गेली. आणि मोनालीने खांबाला हात घालून जी झेप घेतली, त्यात एक चप्पल थेट पाहुण्यांच्या शालीवर जाऊन विसावली. तिसरी बाद!

मैदान दणाणलं. कुलदीप मोबाईलवर शूटिंग करता करता नाचत होता. बायको आत आहे हे तो साफ विसरला होता.

पंच धावत आले. “शाब्बास बाळ. नाव सांग.”

धुळीत पडल्या पडल्या मोनालीने सांगितलं, “मोनाली मानसिंग घोरपडे. सातारा.”

माहेरचं नाव! लग्न, आधार कार्ड, सोसायटीच्या दारावरची पाटी, सगळं त्या एका झेपेत पुसून निघालं होतं. मग ती उठून वळली आणि पंचांना छातीवरची अक्षरं दिसली.

पुढे जे झालं ते सरळ सरळ अन्यायाचं होतं, असं मोनालीचं आजही मत आहे. पाहुण्यांनी भलत्या वेळी शिट्टी वाजवली, त्यांना कोणी काही बोललं नाही. पंचांनी पोरींचे चेहरे बघितले नाहीत, त्यांनाही नाही. समोरच्या शाळेने मात्र पियूचा अख्खा संघ बाद करायची मागणी केली. बारा पोरींचा वर्षभराचा घाम पणाला लागला. जयमाला मॅडमनी हात जोडले. शेवटी ठरलं की तिन्ही गडी रद्द, डाव नव्याने, आणि ही बाई गेटबाहेर.

पियू पाण्याची बाटली घेऊन आली. रागाने तिचे कान लाल झाले होते.

“तू खेळ ना, आई. मी कधी नको म्हटलं? पण माझ्या जागेवर बसून नको.”

मोनाली एका चपलेवर गेटबाहेर गेली. तिथे भिंत उंच. आतलं काही दिसेना. तेवढ्यात सामना बघायला आलेल्या प्रेमलाबाई दुसरी चप्पल घेऊन आल्या आणि शेजारी फुटपाथवर बसल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढले.

“खा.”

“बोला, आत्या. ‘मी सांगितलं होतं’ म्हणा.”

“न्हाय म्हणत. झेप ब्येस घेतलीस.” त्यांनी आणखी दोन दाणे तोंडात टाकले. “कुलदीपला टाके घालताना डाक्टरनं इचारलं, सायकल कुणाला शिकायची हुती?”

आत आरडाओरडा झाला. मोनालीने भिंतीला कान लावला. ‘झुक’ हा शब्द तिने दोन्ही हातांनी तोंडात दाबून धरला. दहा मिनिटांनी कुलदीप धावत बाहेर आला.

“जिंकलो! एका गड्याने! पियूने दोन काढल्या, कसली झुकली माहितेय? कोणी सांगायला नव्हतं तरी!”

आईला याहून जास्त लागेल असं वाक्य कुठल्याही भाषेत नसेल. मोनाली आधी मनापासून दुखावली, मग त्याच्या मागोमाग आलेल्या पियूला तिने उचलून घ्यायचा प्रयत्न केला, आणि मग तिला कळलं की कमरेत उसण भरली आहे.

जयमाला मॅडम शेवटी आल्या. “रविवारी सकाळी बायकांचा संघ सराव करतो. एक चौकोन रिकामा आहे. टी-शर्ट मात्र दुसरा आणा.”

आता मोनाली दर रविवारी जाते. पाठीवर स्वतःचं नाव. पियू दोरीपलीकडे बाटली घेऊन उभी राहते आणि “आई, टाच, आई, टाच” असं इतक्या मोठ्याने ओरडते, की मोनालीने तिला दोनदा गेटबाहेर काढायची मागणी केली आहे.

इथवर सगळं ठीक होतं. पण मोनालीचं बघून प्रेमलाबाईंनाही जोर आला. त्या बासष्टच्या. म्हणाल्या, सायकलला आता गुडघं न्हाय ऱ्हायलं, स्कूटी शिकते. दोन धडे झाले. आज सकाळी मोनाली सरावाला चालत गेली, परत येऊन बघते तर स्कूटीची किल्ली जागेवर नाही. वॉचमन म्हणाला, आजी सारसोळेच्या दिशेने गेल्या, हात हलवत.

म्हणून मोनालीची तुम्हाला कळकळीची विनंती आहे. त्या बाजूला कोणी असाल तर जरा बघा, निळी स्कूटी आणि पोपटी लुगडं दिसतंय का. सुखरूप असतील तर तेवढं कळवा. त्यांना थांबायला मात्र सांगू नका. ब्रेकचा धडा गुरुवारी आहे.