सेवकभाऊंची आफ्रिकेची मंडई

दुपारी दोन ते चार आमच्या घरात मिक्सर लावायला बंदी आहे. ही बंदी नगरपालिकेची नाही की पोलिसांची नाही, शेजारच्या सेवकभाऊंची आहे. एकदा बायकोने चटणीसाठी मिक्सर सुरू केला, तर दोन मिनिटांत भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी, कलम चोवीस! माणसाले आरामाचा हक्क हाय!" माणूस झोपलेला नव्हताच. खाटेवर बसून वाटाणे सोलत होता. पण हक्क म्हणजे हक्क.

सेवकभाऊंचा धंदा लाउडस्पीकरचा. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. जत्राच ती, पण त्या दिवशी लेकी, जावई, सोयरेधायरे सगळे गावाचे पाहुणे असतात. तीस वर्षं भंडाऱ्याच्या आसपासच्या मंडयांत माइकवर भाऊच. हरवलेलं पोर, सापडलेली चप्पल, बंद पडलेला पाळणा, सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळतं. त्यामुळे घरातही ते बोलत नाहीत, सूचना देतात. "सूचना! चहा उकळला हाय. सूचना समाप्त." ऐकायला घरात कोणी नसतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली.

मानवी हक्कांच्या तीस कलमांचा मराठी कागद त्यांना मीच दिला. माझीच चूक. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, म्हणून त्यांच्या लेखी मला सगळं माहीत. एका सकाळी दारात येऊन विचारलं, "सर, माणसाच्या इज्जतीचा काही कायदा हाय काय जी?" मला पेपर वाचायचा होता. कपाटातला कागद काढला आणि दिला. भाऊंनी त्याला प्लास्टिक चढवलं, पाठ केला आणि मोहल्ल्यावर सोडला. ऑटोवाला चौकात रस्ता अडवून रेंगाळला की कलम तेरा, फिरण्याचं स्वातंत्र्य. मी विरोध केला की कलम एकोणीस. "बोला सर, बोलाचा तुमचा हक्क हाय. आयकाचं का नाही, थो माहा."

मग एक दिवस म्हणाले, "सर, आफ्रिकेची मंडई भरवाची हाय."

यामागची गोष्ट सगळ्या भंडाऱ्याला माहीत होती. आदल्या वर्षी एका गावच्या मंडईत ग्रेस नावाची मुलगी आली होती. मूळची मलावीची, नागपुरात नर्सिंग शिकणारी. मैत्रिणीबरोबर आली आणि गर्दीत चुकली. बघता बघता लोकांनी तिला घेरलं. कोणी फोटो काढले, कोणी केसांना हात लावला, पोरं फिदीफिदी हसली. भाऊंनी माइक टाकला, गर्दी फोडली, तिला आपल्या टेम्पोत बसवलं आणि वरठी स्टेशनला नेऊन नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. आम्ही हे नंतर ऐकलं आणि त्यांचं फार कौतुक केलं. कौतुक केलं की ते चिडायचे. मला वाटलं, विनय असेल.

आता त्या मैत्रिणीकडून कळलं, ग्रेसच्या गावी वादळात मुलींच्या शाळेचं छप्पर उडालं होतं आणि नागपुरातली तिची मित्रमंडळी मदत गोळा करत होती. भाऊंनी ठरवलं, त्यांचे ढोल, गाणी, कापडं, मुखवटे भंडाऱ्यात यायचे, छपराला मदत इथून जायची. इंग्रजी निरोप लिहायचं काम अर्थातच माझं.

ग्रेसचं पहिलं उत्तर एका ओळीचं होतं. भंडाऱ्याला पुन्हा येणार नाही.

"बराबर हाय तिचं," भाऊ म्हणाले. "आता दुसरा लिवा."

सात निरोप लिहिले. दर वेळी मी म्हणायचो, जाऊ द्या भाऊ, आणि दर वेळी ते खुर्ची ओढून बसायचे. आठव्याला तिने विचारलं, या वेळी तसं होणार नाही कशावरून? भाऊंनी रात्रभर विचार करून उत्तर सांगितलं, "लिवा, दरवाज्यात मी सोता उभा राहीन."

ती हो म्हणाली.

तिचं उत्तर यायच्या आधीच आमच्या नाटक मंडळाचे मालक मदतीला धावले होते. "भाऊ, कायले नागपूरवाल्यायच्या मागं लागता? आपले पाच पोरं काजळी लावून उभे करतो. पब्लिकले काय समजते?"

भाऊ उभे राहिले. "कलम एक."

"काय हाय त्याच्यात?"

"सगळे माणसं इज्जतीनं सारखे, असं हाय. काजळी तुह्या थोबाडाले लाव अन् आरशात पाह्य."

मालक रागावले आणि कबूल केलेल्या खुर्च्या द्यायला नकार दिला. भाऊंनी तीन लग्नांच्या मंडपवाल्यांना गाठून दुसऱ्या आणल्या. मग टेम्पोवर भोंगा बांधून वरठीपासून तुमसरपर्यंत फिरले. "सूचना! आफ्रिका एक देश नाही जी, पन्नासच्या वर देश हायेत! मलावीचे पाहुणे येऊन राहिले! पाहाले नोका येऊ, भेटाले या!"

रविवारी दुपारी सभागृह भरलं. भाऊ दारात उभे, मागे पाटी: 'फोटोआधी विचारा. केसांना हात लावू नका.' येणाऱ्या प्रत्येकाकडून ती मोठ्याने वाचून घेतली. लोक इतके दबकले की खुर्चीवर बसायचीही परवानगी मागू लागले. मांडलेल्या रंगीत कापडांपुढे एक म्हातारी किती तरी वेळ उभी होती. शेवटी ग्रेसला म्हणाली, "बाई, तुह्या लुगड्याले हात लावू काय वं?" मी भाषांतर केलं. ग्रेस हसली आणि एक कापड तिच्याच कमरेला गुंडाळून दिलं. ढोल वाजले तेव्हा म्हातारी ते नेसूनच पहिल्या रांगेत बसली होती. मंचाशी ठेवलेला पितळी गुंड, म्हणजे पाण्याची मोठी कळशी, मदतीच्या पैशांनी भरत होता.

मध्यंतरात मानवी हक्कांवर दोन शब्द बोलायचे होते. भाऊंनी माइक घेतला, खिशातून कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला.

"सर, मी जसं बोलीन तसंच तिले सांगा. गोड नोका करू."

मग म्हणाले, "त्या दिवशी मंडईत गर्दी आपोआप नाही झाली. मी केली. मीच माइकवर बोललो होतो, पाळण्यापाशी आफ्रिकेचा पाहुणा आला हाय, तिकीट नाही, फुकट पाहून घ्या. लोकं हासले तं मले बरं वाटलं. मंग तिचं तोंड पाह्यलं. तुम्ही सालभर माही वाहवा केली अन् मी चूप राह्यलो. गावाचा पाहुणा होता जी, अन् मी त्याचा तमाशा केला. बाई, माही चूक हाय."

'फुकट पाहून घ्या' इंग्रजीत सांगताना मला लाज वाटली, पण सांगितलं.

ग्रेस म्हणाली, "त्या दिवशी हसणं ऐकू आलं होतं, अर्थ कळला नव्हता. आज कळला, आणि आज जास्त दुखतंय." एवढंच बोलून तिने ढोल ओढून घेतला आणि कार्यक्रम शेवटापर्यंत नेला. कुठेही कमी पडली नाही.

जेवणाच्या वेळी भाऊंनी मला बाजूला घेतलं. "सर, तिनं माफ केलं म्हणलं काय? मंचावरून उतरल्यावर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही भाऊ."

त्यांनी मान हलवली. "बराबर हाय. तं मंग पुढच्या सालीबी बलावू. नाही म्हणली तं आणखी सात लिवू. लिवसान नं जी?"

"लिहीन," मी म्हणालो. कुरकुर सुचलीच नाही. त्या हट्टी माणसाची मला फार माया आली.

भाऊंनी भाताची बादली उचलली आणि पाहुण्यांच्या पंगतीत गेले. ग्रेसपुढे वाकले आणि विचारलं, "भात देऊ काय, बाई?" इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

ग्रेसने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण ताट पुढे केलं.