असतो का हाय?

लोंढे सरांना चहा विचारला की चहा हमखास गार व्हायचा.

“सर, चहा पिता का?” एवढाच प्रश्न. सर चष्मा कपाळावर सरकवून विचारत, “रोजचं इचारता का आत्ताचं?”

“आँ?”

“रोजचं असंल तर पितो. आत्ताचं असंल तर पीत न्हाय, कारण कप अजून तुमच्याच हातात हाय.”

एवढं होईपर्यंत चहावर साय धरलेली असे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कळसच्या शाळेत इतिहास शिकवायला लागलो. बारामतीहून एसटीनं जाऊन-येऊन करायचो. लोंढे सर कळसचेच, इंग्रजी शिकवत आणि वयानं माझ्याहून बरेच मोठे. पहिल्याच दिवशी ऐट मारायला मी त्यांना म्हणालो, “आय ॲम टीचिंग हिस्टरी.” सरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. “आत्ता तुमी बिस्कीट खाताय. शिकवता ते रोज. आय टीच म्हणा.” सगळी स्टाफरूम हसली आणि माझं बिस्कीट चहात पडलं.

इंग्रजांनी एक वर्तमानकाळ रोजचा केला आणि एक आत्ताचा, आणि जो या दोघांची सरमिसळ करतो त्याच्या शब्दावर भरवसा ठेवू नये, असं सरांचं ठाम मत होतं. बारामतीत एका खानावळीच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘वी आर सर्व्हिंग प्युअर व्हेज’. दुपारचे चार वाजलेले, आत चिटपाखरू नाही. सर मला घेऊन थेट गल्ल्यापाशी गेले.

“कुणाला वाढताय?”

“आत्ता कुणालाच न्हाय, सर,” मालक गोंधळून म्हणाला.

“मग पाटी खोटं बोलती. वी सर्व्ह करून घ्या.”

मालक वस्ताद निघाला. “पाटी कशाला पुसायची? तुमी बसा, मी वाढतो. म्हंजी पाटी खरी हुईल.” सर बसले आणि दोनदा भाकरी मागून घेऊन जेवले.

शाळेत पालक आले तरी तीच गत. एक बागायतदार ट्रॅक्टर फाटकाशी लावून आत आले. “सर, आमचं पोरगं वर्गात काय करतं?”

“झोपतं.”

“आन् आत्ता काय करतंय?”

सरांनी खिडकीतून बोट दाखवलं. “झोपतंय. तुमच्या पोराला दोन्ही काळ लागू हायत.”

एका शब्दावर मात्र सर स्वतःच अडायचे. आपल्याकडे मुलाची चौकशी ‘थोरला कुठं असतो?’ अशी करतात. सर वर्गात सांगत, मराठीतलं ‘असतो’ म्हणजे इंग्रजीतला रोजचा काळ, कायमचं बिऱ्हाड. ‘आहे’ म्हणजे आज आहे, उद्या पिशवी उचलून परत येईल. सरांचा एकुलता मुलगा दीपक पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर होता. कुणी सहज विचारलं, “दीपक पुण्याला असतो न्हवं?” की सर लगेच सुधारत, “असतो न्हाय. हाय.”

सात वर्षं दीपक पुण्याला ‘हाय’ होता. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तरी ‘हाय’च. लोंढेकाकू वारल्यापासून सर घरात एकटे राहत. मागच्या अंगाला त्यांनी दीपकच्या बिऱ्हाडासाठी दोन खोल्या काढल्या होत्या आणि फरशी कुठली बसवू, असं त्याला पत्रानं विचारलंही होतं. मी एकदा खोडी काढली, “सर, सात वर्षांचं ‘आत्ता’ इंग्रजांच्या कुठल्या पुस्तकात बसतं हो?” सर हसले नाहीत. मला माझी लाज वाटली.

गावात एसटीडी बूथ आला होता, पण सर मुलाला पत्रच लिहीत, तेही इंग्रजीत. दीपकचं इंग्रजी उत्तर आलं की त्यातल्या चुका लाल पेननं सुधारून तेच पत्र उलट टपाली पाठवून देत. पोरगा इंजिनिअर झाला म्हणून त्याला सूट नव्हती.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत त्याचं पत्र आलं. सर पेन उघडून बसले आणि बसूनच राहिले. शेवटी त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. पुण्यात स्वतःचा फ्लॅट घेतला, एवढं कळवून दीपकनं पुढे लिहिलं होतं, ‘वी लिव्ह इन पुणे.’ आजवरच्या प्रत्येक पत्रात तो ‘वी आर लिव्हिंग’ लिहीत आला होता.

“चूक सापडंना,” सर म्हणाले.

“नाहीच आहे, सर.”

त्यांनी कागद ओढून घेतला, ‘लिव्ह’वर आडवी रेघ मारली आणि वर लाल अक्षरांत ‘आर लिव्हिंग’ लिहिलं.

“सर, आधीचंच बरोबर होतं की!”

“बरोबर हाय. म्हणून तर खोडलं.”

एरवी मी यावर महिनाभर चेष्टा केली असती. त्या दिवशी फार वाईट वाटलं. संध्याकाळी बारामतीत उतरल्यावर ते पत्र मीच पेटीत टाकलं.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. वर्गात चुकलेलं वाक्य सर दहा वेळा लिहून घेत, आणि दीपक त्यांच्याच हाताखाली दहावी झालेला. पाकिटात वहीचा एकच कागद होता. त्यावर ‘वी आर लिव्हिंग इन पुणे’ ओळीनं दहा वेळा लिहिलेलं. आपलं आधीचं वाक्य बरोबर होतं, हे त्याला सरांइतकंच ठाऊक असणार.

पहिल्या आठ ओळी दीपकच्या सरळ, रेखीव अक्षरात होत्या. शेवटच्या दोन पेन्सिलीनं गिरवलेल्या, वाकड्यातिकड्या. त्या नातीच्या होत्या. ‘लिव्हिंग’मध्ये तिनं दोन्ही वेळा एक ‘ई’ जास्तीचा घातला होता.

मी सवयीनं लाल पेन पुढे केलं. सरांनी ते टोपण लावून माझ्याच खिशात अडकवलं.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “शिकतीय ती अजून.”

आणि कागदाची घडी करून ते तासाला निघून गेले.