फोटोच्या पोटातलं

भावनगरच्या त्या वाचनालयात हंगामी कारकून पिनाकिन सकाळपासून अहवालाच्या तीन फायली उघडून-मिटून बघत होता. वार्षिक अहवाल अंध वाचकांना कोणत्या स्वरूपात द्यायचा, हे ठरवायला मुक्ताबेन आल्या होत्या. बाई स्वतः जन्मांध. फोन वाचून दाखवी आणि त्या ऐकत.

"त्यांनी एक जरी पसंत केलं तर तुझी नोकरी कायम," व्यवस्थापक चिनुभाईंनी बजावलं होतं, "नाहीतर गाठिये तळायला मोकळा!"

मुक्ताबेननी चहा संपवला आणि फोनचा आवाज मोठा केला. पहिली आली चिनुभाईंची लाडकी पीडीएफ, सही-शिक्क्यासकट स्कॅन केलेली. फोन म्हणाला, "चित्र." पुढचं पान. "चित्र."

"शिक्का काय सुरेख उमटलाय!" चिनुभाई म्हणाले.

"उमटला असेल हो भाई, पण तो ऐकू येत नाही ना!"

मग वर्डची फाईल. पिनाकिनने डावीकडे विश्वस्तांची नावं आणि उजवीकडे दुरुस्तीची यादी स्पेस दाबदाबून मांडली होती. दिसायला देखणी! फोन मात्र ओळीने वाचत सुटला, "रतिलालभाई, वाळवी. हंसाबेन, गळका नळ..."

"अरे, बंद करा ते मेलं!" समोरच बसलेल्या विश्वस्त हंसाबेन ओरडल्या.

उरलं ई-पुस्तक. त्यात मुक्ताबेन मथळ्यावरून मथळ्यावर सुळसुळ फिरू लागल्या. पिनाकिनचा जीव भांड्यात पडला.

"वा रे दीकरा! चित्रांची वर्णनं लिहिलीस?"

"हो बेन. तुम्हीच कळवलं होतं ना, चित्रात जे असेल ते खरं लिही म्हणून. ती वर्णनं पानावर दिसत नाहीत, फक्त फोनच वाच..."

आणि पिनाकिन पांढराफटक पडला. त्याने फोनवर झडप घातली, पण फोन कसला ऐकतोय!

"चित्र. व्यवस्थापक चिनुभाई वाचनात मग्न. पुस्तक उलटं धरलं आहे. पोट आत ओढलं आहे, पण शर्टाचं बटण ऐकत नाही. मागे हंसाबेन डुलक्या घेत आहेत."

"मी डोळे मिटून विचार करत होते!" हंसाबेन कडाडल्या.

"आपली पीडीएफच बरी!" चिनुभाई लालबुंद झाले. "निदान तोंड तरी बंद ठेवते! आणि तू रे, उचल तुझा डबा!"

मुक्ताबेन मात्र हसून हसून डोळे पुसत होत्या. "थांबा हो! फोटोत काय आहे विचारलं की लोक मला 'मान्यवर आहेत' म्हणतात आणि मोकळे होतात. आज पहिल्यांदा मला ते मान्यवर भेटले. हेच पसंत! यातला एक शब्द हलवायचा नाही."

पिनाकिनची नोकरी कायम झाली.

पुढच्या वर्षी फोटोच्या दिवशी चिनुभाईंनी त्याला आधीच बोलावून घेतलं. "हे बघ बेटा, तू आधी वर्णन लिही. मग मी तसाच उभा राहतो."

पिनाकिनने लिहून वाचून दाखवलं, "चिनुभाई मनापासून हसत आहेत."

"आणि पोट?"

"पोटाचं काहीच लिहिलं नाही, साहेब."

चिनुभाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात फोटो निघाला. पिनाकिनने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "आता लिहावं लागणार."