चार मिलिमीटरचा मानपान

सोपान इंगवले यांच्या तुटलेल्या मज्जारज्जूची दोन टोके एकमेकांकडे यायला तयार नव्हती, आणि तसे त्यांनी लेखी कळवले होते.

मधले अंतर चार मिलिमीटर होते. इंगवले वायरमन, दीड वर्षापूर्वी खांबावरून पडले ते कमरेखाली लुळे झाले. तुटलेल्या नसा पुन्हा वाढवण्याच्या औषधावर डॉ. मृणाल खांबेटे यांनी अकरा वर्षे घालवली होती. औषध मिळताच उंदरांच्या नसा मुकाट्याने एकमेकींना येऊन भेटत. उंदरांना मानपान नसतो. इंगवल्यांच्या टोकांना मात्र तारा जोडल्यापासून यंत्रातून नुसते कागद बाहेर पडत होते.

वरच्या टोकाचे म्हणणे असे की, आपण थेट मेंदूच्या हाताखालचे. खालच्याने वर यावे. खालच्याने कळवले, "अपघातापासून आपल्याकडून एक ओळ आलेली नाही. पाय आम्ही सांभाळले. आता आमच्या दारी यायला आपले काय झिजते?"

गुरुवारी औषधाचा असर संपणार होता. मग मधली जखम कायमची घट्ट होणार आणि इंगवले जन्मभर खुर्चीत.

बुधवारी डॉक्टरांनी तोडगा काढला: दोघांनी दोन-दोन मिलिमीटर पुढे यावे. खालचे टोक तयार झाले. वरच्याने तीन तासांनी कळवले की प्रस्ताव विचाराधीन आहे. शिवाय, खालच्या टोकाशी परस्पर पत्रव्यवहार कोणाच्या परवानगीने केला, याचा खुलासा मागवला.

डॉक्टरांनी कागद चुरगाळून भिंतीवर फेकला. "माणूस लुळा पडलाय आणि यांना खुलासा हवाय!"

"मॅडम, काय लिवलंय, बघू," इंगवले म्हणाले. कागद सरळ करून त्यांनी दोनदा वाचला. "आमच्या दोन वायरी अशा भांडाय लागल्या असत्या, तर तालुका अंधारात बसला असता. सांगा त्या वरच्याला, तुझा मालक बोलतोय म्हणावं."

सांगितले. उत्तर आले: मालकाने योग्य मार्गाने अर्ज करावा.

"माझ्याच पाठीत बसून मलाच अर्ज कर म्हणतंय भडवं!"

त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, रोज सकाळ-संध्याकाळ त्या पायांना तेल लावले होते. त्या पायथ्याशी बसल्या होत्या. "वरच्याला काय बोलायचं ते बोला," त्या म्हणाल्या. "खालच्याला नावं ठेवू नका. ते बिचारं दीड वरीस एकलं राबतंय. रात्रीअपरात्री झोपेत पाय आपसूक हलत्यात, ते कोन हलवतंय मग?"

अकरा वर्षांत हा प्रश्न डॉक्टरांना कोणी विचारला नव्हता. त्या उठल्या आणि वरच्या टोकाच्या तारा त्यांनी उपटून काढल्या. तारा काढायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त जोर त्यांनी लावला. मग खालच्या टोकाला लिहिले, "वरून हुकूम येणार नाही. स्वतःच्या अखत्यारीत चालू शकाल का?"

उत्तर ताबडतोब आले. "चालणे आम्हाला पहिल्यापासून येते. वरून फक्त कुठे जायचे ते कळत असे. आम्हाला कोणी विचारलेच नाही."

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता इंगवले उभे राहिले. म्हणजे पाय उभे राहिले. इंगवले वर होते. डॉक्टरांनी नोंदवहीत लिहिले, 'रुग्ण उभा आहे. मेंदूला कळवलेले नाही.' लिहिताना पेन कागदातून आरपार गेले. त्यांचा राग अजून उतरला नव्हता.

पायांनी जमीन चाचपली, खोलीला एक फेरी मारली, दार ओलांडले आणि ते व्हरांड्यातून फाटकाकडे निघाले. इंगवले दोन्ही हातांनी भिंती धरू पाहत होते. भिंती मागे पडत होत्या.

कौसल्याबाई चपला घेऊन मागून धावल्या. "अवं, कुठं निघालाय?"

"मला काय इचारतीस?" इंगवले वरून ओरडले. "खाली इचार!"

कौसल्याबाईंनी चपला काखेत धरल्या, डोक्यावर पदर घेतला, चालता चालता थोड्या वाकल्या आणि अदबीने पायांना विचारले, "जेवायला घरी येनार न्हवं?"