तिसऱ्या मजल्यावरची गुढी

रेणूने पोछ्याच्या दांड्याला रेशमी ओढणी बांधली आणि कडुनिंबाची डहाळी खोचली. साखरेची गाठी नव्हती म्हणून मेसमधल्या साखरेच्या पुड्या दोऱ्यात ओवल्या. वर स्टीलचा पेला पालथा घातला आणि वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरून गुढी खिडकीबाहेर काढली. कॉलेजला सुट्टी नव्हती. उगादी, म्हणजे इथला तेलुगू पाडवा, म्हणून वाटीभर कडू-आंबट पच्चडी मिळाली होती, तीही फॉर्म्युले पाठ करत रांगेत उभं राहिल्यावर.

माइकवरून : तिसरा मजला. खिडकीत कपडे वाळत घालू नयेत.

आयआयटीच्या तयारीसाठी निवडलेल्या स्टार बॅचमध्ये मराठी अशी ती एकटीच. गणिताचे सर अधूनमधून विचारत, "बंबई से?"

"गौलीगुडा, सर."

"उसके पहले?"

"उसके पहले भी गौलीगुडा."

गौलीगुडा याच शहरातला, तरी सरांचं समाधान होत नसे. तिची रँक वर गेली तरी होत नसे.

वॉर्डन सरोजिनी मॅडम धापा टाकत वर आल्या. "कपडे नक्को बोली ना मैं? उतार."

"कपडे नहीं मॅडम, गुढी है. शाम को उतारते."

"अब्बी उतार. नहीं तो स्टार बॅच से नाम कटता. सी सेक्शन में बैठना."

सी सेक्शन म्हणजे पंखा नसलेला वर्ग आणि शिक्षक नसलेलं फिजिक्स. तरी रेणूचा हात काही दांड्याकडे गेला नाही. मॅडमनी तिच्या वडिलांना फोन लावून तो तिच्या हातात दिला.

"उतरव बाई," प्रतापराव म्हणाले. "बॅच जाईल म्हणतात त्या."

"हौ, पप्पा."

ती फोन परत द्यायला निघाली, तोच प्रतापरावांनी विचारलं,

"कडुनिंब लावलास का?"

"लावला."

"मग राहू दे संध्याकाळपर्यंत. दिवसाउजेडी गुढी उतरवतं का कोणी?"

मॅडम "डीन सर को बोलती" म्हणत खाली गेल्या.

डीन मीटिंगमध्ये होते. गुढी खिडकीत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींनी हे पाहिलं आणि जेईईच्या तयारीला शोभेल असा निष्कर्ष काढला: कपडे काठीवर टांगून वर पेला पालथा घातला, तर चालतं. दुपारपर्यंत सबंध इमारतीवर काठ्या निघाल्या. काठीवर ओले टॉवेल, नाइट्या, एक बेडशीट. वर पेले. मेसमध्ये ताक प्यायला पेला उरला नाही.

माइकवरून : पेले परत करावेत. ताक वाटीत मिळेल.

नेमके तेव्हाच नव्या प्रवेशासाठी आलेल्या पालकांना घेऊन डीन अंगणात आले. सगळ्यांच्या माना वर.

"ये क्या है सर?" एका आईने विचारलं.

डीननी एकदा इमारतीकडे पाहिलं, एकदा तिच्या हातातल्या चेकबुकाकडे. "उगादी, मॅडम. हमारे कॉलेज की परंपरा. सब स्टेट का कल्चर रहता इदर."

पालकांनी फोटो काढले.

माइकवरून : ज्या खिडक्या रिकाम्या आहेत, त्यांनी ताबडतोब परंपरा लावावी.

सूर्य कलला तशी रेणूने हळदकुंकू वाहिलं, गुळाचा खडा ठेवला आणि दांडा आत ओढायला घेतला. मॅडम पुन्हा धापा टाकत आल्या.

"नक्को उतार, अम्मा. फोटोग्राफर आ रहा. ड्रोन ले के. ब्रोशर में डालते, तेरी बीच में आती."

"सूरज गया, मॅडम."

"डीन सर खुद बोले, रहने दो. उतारी तो सी सेक्शन. सोच ले."

"सुब्बेच सोच ली."

तिने गाठ सोडली, ओढणीची घडी केली आणि अर्धा गूळ मॅडमच्या हातावर ठेवला. काय करावं ते न सुचून मॅडमनी तो खाल्ला.

बाहेर ड्रोन घरघरत वर आला. वाळलेल्या नाइट्या दिमाखात उभ्या होत्या. नियमाप्रमाणे रिकामी अशी खिडकी वसतिगृहात एकच होती. सोमवारी सी सेक्शनमध्ये बसताना रेणूने घरून पंखा मागवला.