एकटा मालक

आमच्या बापूच्या कारखान्याच्या पाटीवर पेंटरनं नुसतं 'मालक' लिहिलं होतं. बापूनं त्याला पुन्हा शिडीवर चढवलं आणि आधी 'एकटा' लिहून घेतलं. जागा उरली नव्हती, त्यामुळे तो 'एकटा' मालकाच्या डोक्यावर तिरका बसला. अख्खं उद्यमनगर हसलं.

बापू कडबाकुट्टीची, म्हणजे गुरांचा चारा बारीक कापायची यंत्रं बनवतो. पहिल्या यंत्राचं ड्रॉइंग माझं. मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचो आणि संध्याकाळी बापूकडे ड्रॉइंग काढत बसायचो. आजही पातं कसं बसवायचं यावर आमची भांडणं होतात, आणि मिळकतीतला निम्मा वाटा तो न मागता माझ्या घरी पोचवतो. पण कुणी मला पार्टनर म्हणालं, की बापू लेथ बंद करून ओरडायचा, "पार्टनर न्हाय पावणं, दोस्त हाय. मालक मी एकटा." एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं सहज विचारलं, "दोघं भागीदार काय?" तर हा हातातली जिलेबी तशीच धरून उभा राहिला आणि खुलासा करून मगच बसला.

मला ते लागायचं. तालमीच्या कट्ट्यावर मी सांगत सुटलो, बापूला नावाची हाव आहे. लोकांनी ते खरं मानलं. मास्तर कशाला खोटं बोलेल? बापूच्या कानावर गेलंच असणार, पण तो कधी काही बोलला नाही. म्हणून हे लिहितोय.

मध्यंतरी कागलच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीनं मोठं काम देऊ केलं. अट एकच, प्रायव्हेट लिमिटेड करा नाहीतर एलएलपी. आम्ही एका सीए मुलीकडे गेलो.

"एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, निदान दोन भागीदार लागतात, काका."

"मग नगं," बापू उठलाच. "माझ्याकडं दुसरं कोण न्हाय."

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

"ऐका तरी. साध्या भागीदारीत धंदा बुडाला, तर देणेकरी भागीदारांच्या घरापर्यंत येतात. इथं घातलेल्या भांडवलापुरतीच जबाबदारी."

बापू बसला. "म्हंजे घर जात न्हाय?"

"नाही. फसवणूक केलीत, किंवा बँकेला स्वतः जामीन राहिलात, तर मात्र वेगळं."

"जामीन मी एकटा ऱ्हातो. मग?"

"मग तुमचं घर अडकू शकतं."

"माझं ऱ्हाऊ दे गं. ह्येचं इचारतोय. कळंब्याचं घर. वहिनींचं दागिनं मोडून बांधलंय ह्येनं."

"त्यांचं नाही अडकत."

हे त्यानं तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

"आमच्या आबांचा, माझ्या वडलांचा धंदा बुडाला, तवा त्येंच्या भागीदाराचं घर लिलावात गेलं. त्या भागीदाराचा पोरगा माझ्या बाकावर बसायचा. परत शाळंत आला न्हाय." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "घाल मास्तरचं नाव. माझ्या नावाच्या वर घाल."

"बापू," मी म्हणालो, "कट्ट्यावर मी तुझ्याबद्दल..."

"म्हायती हाय. आधार कार्ड आणलंयस न्हवं?"

मी आणलं नव्हतं. मी आपला गाडी चालवायला गेलो होतो.